दीड दिवसाचं बटण

११ ऑगस्ट, सोम.

आज शिडीला हात लावला नाही. शिल्पाताईनं शटर उघडल्या उघडल्या सांगितलं, "संदेश, फ्लेक्स उद्या लाव. आज आत बस." आत म्हणजे कॉम्प्युटरसमोर, डिझाइन करणाऱ्या दीप्तीच्या बाजूच्या खुर्चीत. ताईच्या या फ्लेक्सच्या दुकानात लागून वर्ष होत आलं, ती खुर्ची मी फक्त पुसली आहे.

कारण माझा बोंबील. गेल्या आठवड्यात मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून एक पेज बनवलं. बटण दाबलं की बोंबील पाण्याबाहेर उडी मारतो, परत दाबलं की हवेतच थांबतो. दीप्तीला हसवायला केलेलं. ती हसली, ताईला दाखवलं, ताईनं कर्णिक काकांना.

कर्णिक काका म्हणजे मागच्या कॉलनीच्या गणपती मंडळाचे सेक्रेटरी. बँकेतून रिटायर. कॉलनी आता नाहीच. टॉवर व्हायचाय म्हणून पाडली, माणसं भाड्यानं गेली. कोण बोरिवली, कोण मुलुंड, कोण घाटकोपर. मांडव घालणार कुठे? पत्र्याच्या आत खड्डा आहे नुसता. म्हणून यंदा गणपती वेबवर. हलणारा.

काका बोलले, "पण टीव्हीसारखं बघत बसायचं नाही हं. लोकांना हात लावता आला पाहिजे."

हात लावायचा म्हणजे बटणं. ताईनं वाटणी केली. चित्र दीप्ती काढणार, हलवणार पण तीच. बटणं माझी. "नीट झालं, काका खूश झाले, तर ही खुर्ची तुझी. नाहीतर शिडी आहेच."

नववी नापास माणसाला खुर्ची. हॉटेल, कुरियर, सिक्युरिटी, सगळीकडून पळालो. कुठे बसवतच नाही जास्त दिवस. ताई म्हणते, तुझ्या बुडाला चाकं आहेत काय रे. आता खुर्चीलाच आहेत.

१३ ऑगस्ट, बुध.

दीप्तीचा (दी.चा) गणपती झाला. झकास. कान हळूच हलतात, समईची ज्योत डुलते, उंदीर मध्येच मिशा पुसतो. मी तासभर उंदीरच बघत बसलो. दी. बोलली, "बटण घाल आता, उंदराला जावई करून घ्यायचाय का?"

पहिलं बटण, 'आरती'. दाबलं की तबक फिरतं आणि झांजा वाजतात. दुसरं, 'थांबा'. दाबलं, तबक थांबलं. झांजा चालूच. परत 'आरती' दाबलं तर आधीच्या झांजा आणि नव्या झांजा एकदम. बाजूचा झेरॉक्सवाला बघायला आला कोणाची वरात आली म्हणून.

संध्याकाळी कळलं, चित्राला थांब सांगितलं होतं, आवाजाला सांगायचं राहिलेलं. दोघांना वेगवेगळं सांगावं लागतं. एकाच घरातली माणसं असून.

१६ ऑगस्ट, शनि.

दहीहंडी. रस्त्यात टेम्पोंचा धिंगाणा. कर्णिक काका (क.का.) कानात कापूस घालून आले, बटणं बघायला.

'थांबा' बघून चेहराच पडला. "आरती मध्येच थांबवतात का रे?"
मी बोललो, काका, दाराची बेल वाजली तर? कुकर झाला तर?
"कुकर आधी करून घ्यायचा."
दी. खाली मान घालून हसत होती. शेवटी तडजोड झाली. 'थांबा' राहील पण आरतीत ते फिकट होईल, दाबलं जाणार नाही. आरती संपली की परत शेंदरी.

मग बटणं कुठे ठेवायची. वर ठेवली तर अंगठा बाप्पाच्या तोंडावर येतो. खाली ठेवली तर पायावर. काका बराच वेळ स्वतःचा अंगठा स्क्रीनवर ठेवून विचार करत होते. मग बोलले, "पायावर चालेल." मोठी बटणं पाहिजेत, म्हाताऱ्यांचे अंगठे मोठे असतात, हे पण. खरं आहे. स्वतःच्या अंगठ्यानं एकदम दोन बटणं दाबून दाखवली.

१९ ऑगस्ट, मंगळ.

पाणी भरलं सगळीकडे, दुकान बंद. खोलीवर पडून मोबाईलवर कोड बघत होतो. बाकीचे तिघे पत्ते खेळत होते.

आईचा फोन.
"गणपतीक येतलस मा?"
सांगितलं, पेज चतुर्थीलाच चालू होणार, मला इथे बसावं लागणार. आईनं विचारलं, "माटवी कोण बांधतलो?"
गणपतीच्या डोक्यावर टांगायची माटवी, फळापानांची लाकडी चौकट, दरवर्षी मीच बांधतो. कवंडळं, नारळ, आंब्याचे टाळ. बापूस ट्रॉलरवरून येतो तोपर्यंत बांधून झालेली असते. यंदा पहिल्यांदा नाही जाणार.
"बाबांका सांग, बांधूक."
"त्याका दोरये बांधूक येता, माटवी खंय?"
हसली तरी. फोन ठेवल्यावर बोटांना काही सुचेना. 'आरती'च्या बटणाचा कोपरा गोल करत बसलो.

२२ ऑगस्ट, शुक्र.

आजचा दिवस माझा!

'फूल' बटण. दाबलं की जास्वंद वरून येऊन पायाशी पडते. पण मग वाटलं, मुलुंडच्या माणसानं वाहिलेलं फूल बोरिवलीच्या माणसाला दिसलं पाहिजे. नाहीतर मंडळ कसलं? तर सगळ्यांची फुलं एकाच जागी साठवायची, आणि पेज उघडेल त्याला तीच दाखवायची. दोन दिवस डोकं फुटायची वेळ आली होती. आज दी.नं तिच्या मोबाईलवरून फूल टाकलं, ते माझ्या मोबाईलवर पडलं. मी खुर्चीतून उठलोच. खुर्ची मागे जाऊन प्रिंटरवर आपटली.

ताई आतून, "काय पडलं?"
"फूल!"

२५ ऑगस्ट, सोम.

क.का.ना विसर्जनाचं बटण पाहिजे. अनंत चतुर्दशीला काकांनी दाबायचं, सगळ्यांनी आपापल्या घरून बघायचं. दी.नं पाणी केलं, बाप्पा हळूहळू खाली जातात, शेवटी मुकुट, मग लाटा. तिनं बनवलं आणि स्वतःच दोन-तीनदा परत चालवून बघितलं.

मी ते फुलांच्याच जागी साठवलं. गेला की सगळ्यांकडून गेला. एकच ओळ. सोपं.

विचारलं, काका, हे बटण सहा तारखेपर्यंत लपवून ठेवू का? काका बोलले, "दिसू दे की. लोकांना तारीख लक्षात राहील." मी पण बोललो, बरोबर, आधी कोण दाबणार.

२७ ऑगस्ट, बुध. गणेश चतुर्थी.

सकाळी काकांच्या भाड्याच्या घरून भटजींनी पूजा सांगितली, ती पेजवर ऐकू येत होती. साडी नेसलेली दी., इस्त्रीचा शर्ट घातलेली ताई, मी. तिघं स्क्रीनसमोर हात जोडून. काय दिसत असू.

आणि मग फुलं सुरू. नुसती फुलं! ग्रुपवर मेसेजवर मेसेज. सी विंगवाले आले का? हे पिवळं कोणाचं? देशपांडे, किती टाकताय, बाप्पाला श्वास घेऊ द्या. कोणीतरी बाप्पाच्या सोंडेवरच फूल टाकलं, ते कसं जमलं मला पण माहीत नाही.

काका दुकानात आले, पेढा माझ्या हातात दिला, खांद्यावर थाप. "संदेश, कॉलनी परत भरली रे." डोळे पुसले. चष्मा पुसतोय असं दाखवत.

ताई बघत होती. खुर्ची जवळजवळ माझी.

आईला फोन केला. माटवी बाबांनी बांधली. वाकडी. "गणपतीक आवाडली," म्हणे.

२८ ऑगस्ट, गुरु.

वाट लागली.

दुपारी जेवत होतो. दी.चा घास हातातच. "संदेश. बाप्पा कुठे गेले?"

स्क्रीनवर पाणी. नुसतं पाणी. लाटा येतात जातात. दी.नं काय सुंदर लाटा केल्यात.

ग्रुपवर: बाप्पा बुडाले!! कोणी केलं हे? हॅक झालं का? माझ्या सासूबाई रडतायत. कर्णिक साहेब, कुठे आहात?

पेजवर येताना प्रत्येकाला नाव-विंग लिहावं लागतं, त्यावरून मी बघितलं कोणी दाबलं. मुलुंड. वैद्य. ए विंग, पहिला मजला. काका धावत दुकानात आले, फोन लावला. फोन स्पीकरवर, मी समोर. वैद्य आजी अगदी शांत. "हो, मीच केलं विसर्जन. आमचा दीड दिवसाचा ना. आरती केली, दहीपोहे ठेवले, मग दाबलं. छान गेले हो बाप्पा."

काकांनी फोन बंद केला आणि माझ्याकडे बघितलं.

आजींच्या घरचा गणपती वर्षानुवर्षं दीड दिवसाचा. यंदा भाड्याच्या घरात मूर्ती आणली नाही, पेजवरचाच आपला मानला. दीड दिवस झाला, निरोप दिला. त्यांच्या मनानं सगळं रीतसर. आणि मी मूर्खानं एका बटणाला सगळी कॉलनी बांधून ठेवलेली. आमच्या गावात एका वाडीत कोणाचा दीड दिवस, कोणाचा पाच, कोणाचा गौरीबरोबर. हे मला सुचू नये?

"परत आण," काका. "आत्ताच्या आत्ता. बटण दाब आणि वर काढ."

एका ओळीचं काम. लिहिली पण. हात पुढे जाईना. बाहेर जाऊन आईला फोन केला.
"आये, बुडवलेलो गणपती परत काढतत?"
"खुळो काय तू? गेलो तो गेलो. दुसरो हाडूचो लागतलो."

आत येऊन सांगितलं, नाही काढणार. दुसरा आणू. काका लालबुंद. "हे चित्र आहे, मूर्ती नाही!" दी. हळूच बोलली, "मग कालपासून फुलं कशाला वाहत होतो, काका?"

काका छत्री विसरून गेले. ताई मला एवढंच बोलली, "उद्या शिडी काढ." आणि दी.ला, "नवीन गणपती कधी होईल?"

२९ ऑगस्ट, शुक्र.

सकाळी दोन फ्लेक्स लावले, हायवेच्या बाजूला. खाली उतरतो तर काकांचा फोन. मुलुंडला जा, वैद्य आजींना समजावून ये, परत बटणाला हात लावू नका म्हणून सांग. ताईनं जायला सांगितलं.

दिंडोशीहून लिंक रोडनं बस. पावसात भिजून पोचलो. आजी एकट्याच, मुलगा-सून कामावर. टॅब टेबलावर पाटावर ठेवलेला, खाली तांदूळ, बाजूला दूर्वा. पडदा काळा. चार्जिंग संपलेलं.

"तू बटणवाला का?" बोलल्या. "बस. वाटली डाळ खा. काल विसर्जनाची केलेली, आज मुरली."

खाल्ली. सांगायला आलो होतो ते राहिलं, वाटी परत पुढे केली.

आजी बोलत होत्या. "मला वाटलं यंदा काहीच नाही आपलं. सून म्हणाली, आई, पेजवर बघा. बघून काय होतं रे? पण फूल टाकता आलं. आणि निरोप देता आला, ते महत्त्वाचं. आणायला कोणीही आणतं. निरोप आपल्या हातानं द्यावा लागतो."

मग विचारलं, "बाकीच्यांचं व्यवस्थित चाललंय ना?"

मी बोललो, हो आजी.

ग्रुपवर त्या नाहीत, ते बरं. परत येताना बसमध्ये डोकं चालू झालं. निरोप आपल्या हातानं. म्हणजे बटण सगळ्यांचं एक नको. ज्याचं त्याला पाहिजे.

३० ऑगस्ट, शनि.

दी.नं नवा गणपती काढला. मुद्दाम वेगळा. पीतांबर हिरवा, उंदीर डावीकडे. "तो आजींचा होता, गेला. हा मंडळाचा," ती बोलली. उंदराच्या मिशा तेवढ्या त्याच ठेवल्या, मी मागितल्या म्हणून.

मी काय केलं: पेज उघडलं की आधी विचारतं, तुमच्या घरचा किती दिवसांचा? पाच, गौरीबरोबर, अकरा. दीड पण ठेवलं, पुढच्या वर्षासाठी. जे दाबाल त्याप्रमाणे तुमच्या घरचा छोटा गणपती मोठ्याच्या बाजूला बसतो. विसर्जनाचं बटण त्याच दिवशी उगवतं, आणि फक्त तुमच्याच घरच्याला बुडवतं. मंडळाचा मोठा अकराव्या दिवसापर्यंत हलत नाही. फुलं, आरती सगळ्यांची एकत्र.

शिडीवरून उतरून हे केलं. दी.च्या खुर्चीत बसून, ती चहाला गेली की. तिची चहाची फेरी आज फार लांबली. मुद्दाम.

क.का. आले. बघितलं. "म्हणजे प्रत्येकाचा वेगळा? मग मंडळ काय राहिलं?"
मी बोललो, आरती एकत्रच आहे काका. निरोप तेवढा ज्याचा त्याचा.
"सगळे आपापला बुडवून मोकळे होतील. सहा तारखेला मी एकटाच उरेन."
काका रागावलेत असं वाटत होतं, आज कळलं घाबरलेत.

ताईला बोलले, "सहा तारीख होऊ दे. मग सांगतो तुमच्या या पोराचं."

३१ ऑगस्ट, रवि.

पाच दिवसवाले गेले. मी मोबाईलवर बघत होतो. एकेक छोटा गणपती पाण्यात. ग्रुपवर फोटो, टॅबसमोर आरती, टॅबला हळदकुंकू. पाटलांनी मोबाईल खरोखर बादलीवर धरला. पडला. बादलीत. मोबाईल गेला, बाप्पा आधीच गेले होते. पाटील स्वतःच लिहितायत, "आमचं दोन्ही विसर्जन झालं."

१ सप्टें., सोम.

नवीन भांडण. गौरीवाले विचारतायत, गौरी कुठेय? खरंच, विसरलो. सकाळपासून फोन. एकाच्या घरी खड्यांच्या, एकाकडे मुखवट्यांच्या, एकाकडे तेरड्याच्या. दी. बोलली, मी तीन गौरी काढणार नाही, काय समजतोस मला. दुपारपर्यंत तीन काढल्या.

मी एक बटण घातलं. तुमची गौर कोणती? एका बाईंचा फोन, "आमच्याकडे एक मुखवट्याची आणि एक खड्याची." म्हणजे कसं? "सासरची आणि माहेरची." दी.नं टेबलावर डोकं आपटलं.

२ सप्टें., मंगळ.

गौरी-गणपती गेले. आमच्या घरचा पण आज. आईनं फोन वर धरला, नदीवरून पाण्याचाच आवाज. मग बाबांचा आवाज, "संदेश, बघतस मा?" दिसत काहीच नव्हतं. बोललो, बघतंय.

दिवसभर शिडी. कुठल्या तरी शाळेच्या ॲडमिशनचा बोर्ड. वर चढलो की दिंडोशीचे सगळे टॉवर दिसतात आणि मध्ये काकांच्या कॉलनीचा खड्डा, पावसाच्या पाण्यानं भरलेला.

४ सप्टें., गुरु.

एक गोष्ट बघितली. ज्यांचे गणपती गेले ते पण येतात. आरतीच्या वेळी पेजवर माणसं कमी झाली नाहीत. वैद्य आजी पण. मुलुंडहून रोज एक फूल, सकाळी.

काकांना सांगावं असं वाटलं. मग वाटलं, बघतील स्वतः. मस्का लावतोय म्हणतील.

ताई आज खुर्चीचं चाक दुरुस्त करून घेत होती. कोणासाठी, विचारलं नाही. दी.नं विचारलं. ताई बोलली, "जो बसेल त्याच्यासाठी."

६ सप्टें., शनि. अनंत चतुर्दशी.

काका सकाळपासून दुकानात. नवा कुर्ता. घरून बटण दाबायचं नाही म्हणाले, इथून दाबणार, "तू बाजूला पाहिजेस, काही झालं तर."

दुपारी शेवटची आरती. मी पेजवर कोण कोण आहे ती यादी उघडून काकांसमोर ठेवली. नावं येतच होती. देशपांडे, पाटील (नवीन मोबाईलवरून), गौरीवाल्या बाई, वैद्य आजी. सगळे आपापला बुडवून मोकळे झालेले, आणि सगळे आले. काकांनी नावं वाचली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, ओठ हलवत. मग बटणावर अंगठा ठेवला आणि उचलेनात. दी.नं हळूच सांगितलं, "काका, उचलल्यावर होतं ते."

उचलला. मंडळाचे बाप्पा गेले. हिरवा पीतांबर, मुकुट, लाटा. काका नाकाला रुमाल लावून बसले. ताईनं पंखा वाढवला.

इथपर्यंत झकास.

मग अकरा दिवसवाल्यांचे घरचे छोटे. एकेक गेले. सगळे. एक सोडून. चव्हाण, सी विंग, आता बोरिवलीला. काकांनी फोन लावला. चव्हाण वहिनी बोलल्या, "हे बंदोबस्ताला आहेत ना, चौपाटीवर. आले की आरती करून दाबतील. आम्ही थांबलोय."

चव्हाण हवालदार आहेत. आज त्यांना घरी कोण सोडणार, मुंबईतले सगळे मोठे गणपती अजून रस्त्यावर.

काका घड्याळ बघायला लागले. "उद्या ग्रहण आहे. दुपारी वेध लागतात. त्याआधी सगळं आटपून पेज बंद झालं पाहिजे. संदेश, तुझ्याकडून होईल ना तो? बुडवून टाक."

होतं माझ्याकडून. एक ओळ.

बोललो, "नाही काका."
"नाही म्हणजे?"
"त्यांचा आहे. ते दाबतील."
"आणि सकाळपर्यंत नाही आले तर? वेधात गणपती बसवून ठेवायचा?"
"सकाळी बघू."
"अरे, दुसऱ्यांदा माझं ऐकत नाहीयेस तू."
आजी काय बोलल्या होत्या ते सांगायचा प्रयत्न केला, निरोप आपल्या हातानं वगैरे, पण काकांसमोर नीट येईना, शब्द उलटेसुलटे झाले. दी. माझ्याकडून बोलायला लागली तर ताईनं तिला डोळ्यांनी गप्प केलं.

काका उठले. दारात ताईला बोलले, "पोरगा हुशार आहे. पण दुकानात ऐकणारा माणूस लागतो, शिल्पा."

ताईनं शटर ओढलं. मी सकाळी येऊन पेजवर नजर ठेवू का विचारलं, तर चावी काढून दिली.

७ सप्टें., रवि.

दुकान उघडून मी एकटाच. रविवार, रस्ता झोपलेला. स्क्रीनवर चव्हाणांचा छोटा गणपती, बाजूला मोठी रिकामी जागा. समईची ज्योत डुलतेय. उंदीर मिशा पुसतोय. कोणीतरी पहाटेच फूल टाकून गेलंय.

चव्हाण वहिनींना फोन केला. "सुटतील म्हणालेत, पण शेवटचा गणपती अजून पाण्याजवळ पोचायचाय. तुम्ही बंद नका करू हां पेज. त्यांना दरवर्षी शेवटच्या दिवशी ड्युटी. पाच वर्षं विसर्जन बघितलं नाही घरचं. यंदा म्हणाले, बटण आहे तर थांबा, मीच करणार."

काकांचे दोन फोन. उचलले. दोन्ही वेळा तेच विचारलं, दोन्ही वेळा मी तेच सांगितलं. तिसऱ्यांदा आला तेव्हा वहिनींचं बोलणं सांगितलं, पाच वर्षांचं. काका बोलले, "वेध बारानंतर आहेत. बारा छप्पन की सत्तावन्न. पंचांगात बघतो नक्की किती ते." आणि फोन ठेवला. रागात की कसं, कळलं नाही.

आत्ता ताई आली. रविवारची, केसाला तेल, हातात भाजीची पिशवी. दारात उभी राहिली. मी खुर्चीत होतो. उठायला गेलो.

"काकांचा फोन आला होता," ती. "काल पण आणि आत्ता पण."
"काय बोलले?"
"काल बोलले, ऐकत नाही. आत्ता बोलले, पंचांगात बारा सत्तावन्न आहे, त्याला सांगा."
"मग तुम्ही काय बोललात?"
"मी काय बोलणार. ऐकत नाहीस हे खरंच आहे." पिशवी टेबलावर ठेवली. स्क्रीनकडे बघितलं, बराच वेळ, उंदराकडे. "चव्हाणांनी दाबलं?"
"नाही अजून."
"मग उठू नकोस."

एवढंच. चहा सांगायला बाहेर गेली. म्हणजे त्यांनी दाबेपर्यंत, की त्याच्यानंतर पण, ते विचारायला तोंड उघडलं आणि बंद केलं.

चव्हाण साहेब, सावकाश या.